दारावरच्या माणसाला दोष देण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिनेमा आणि लहान मुलांवरचा तुमचा कालचा अग्रलेख वाचला. थिएटरच्या दारावरचे कर्मचारी डोळेझाक करतात म्हणून लहान मुलं नको ते सिनेमे बघतात, असं तुम्ही त्यात लिहिलं आहे. त्या दारावर मी सव्वीस वर्षं उभा होतो. १९८२ साली एका एकपडदा थिएटरात डोअरकीपर म्हणून लागलो आणि २००८ साली थिएटर बंद झालं तेव्हा शेवटच्या खेळाची तिकिटंही मीच फाडली. डोळेझाक कशी होते आणि ती कोण करायला लावतं, हे मी जवळून पाहिलं आहे. काल दिवसभर राग आवरला, आज लिहायला बसलो. शब्द कमीजास्त झाला तर सांभाळून घ्यावं.

आधी चुकीबद्दल. सेन्सॉरचं ‘यूए १६+’ प्रमाणपत्र असलेल्या सिनेमाला सोळाच्या आतली मुलं आली तर त्यांना दारावरूनच परत पाठवलं पाहिजे, असं तुम्ही म्हणता. कुठल्या नियमाने? २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि यूएचे ७+, १३+, १६+ असे तीन भाग पडले, हे खरं. पण ते आकडे आईवडिलांसाठी आहेत. आपल्या पोराने हा सिनेमा बघावा की नाही, हे त्यांनी ठरवायचं. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन बाप १६+ च्या सिनेमाला आला, तर दारावरच्या माणसाला त्याला अडवता येत नाही. अडवायचं ते ‘ए’ला, म्हणजे फक्त प्रौढांच्या सिनेमाला, आणि तेही अठरा पूर्ण नसतील तर. हा फरक अग्रलेख लिहिणाऱ्याला माहीत नसावा? आणि तो माहीत नसताना बोल मात्र कोणाला लावले, तर दिवसभर उभं राहून तिकिटं तपासणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांना. त्यांच्यातला एकही तुम्हाला उत्तर लिहिणार नाही. म्हणून मी लिहितो आहे.

मी लागलो तेव्हा यू, म्हणजे सगळ्यांसाठी, आणि ए एवढंच होतं. पुढच्या वर्षी, १९८३ च्या जूनमध्ये, यूए आलं. बाराच्या आतल्या मुलांनी आईवडिलांच्या सल्ल्याने बघावा, असा त्याचा अर्थ. मॅनेजरने आम्हा चौघा डोअरकीपरांना ऑफिसात बोलावून सांगितलं, ‘मधलं नवीन आलंय, त्याला अडवायचं नाही.’ त्यापलीकडे आम्हाला कधीच कोणी काही शिकवलं नाही. वय कसं ओळखायचं, कोणता कागद मागायचा, कोणी ऐकलं नाही तर काय करायचं, कशाचाच पत्ता नाही. पोरगा असेल तर मिसरूड बघायचं. पोरगी असेल तर तेही नाही. एकदा नव्यानेच लग्न झालेल्या एका मुलीला मी अडवलं. चण बारीक होती, मला ती पंधरा-सोळाची वाटली. तिने काही न बोलता मंगळसूत्र पदराबाहेर काढून दाखवलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चारचौघांत माझ्यामुळे तिचा अपमान झाला. तिची माफी मागायचं मला त्या वेळी सुचलं नाही, हे अजून आठवतं.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहितो आहे ती सांगतो.

१९९३ किंवा ९४ चा पावसाळा असेल. रात्री नऊचा खेळ, सिनेमा ए. मारामारीचा, रक्ताचा. आमच्या पेंटरने बाहेरच्या बोर्डावर गोलात हातभर ए काढला होता, तो न दिसणं शक्य नव्हतं. तिघं माणसं आली आणि त्यांच्याबरोबर सहा-सात वर्षांचा एक मुलगा. खाकी चड्डी शाळेची, अंगात बनियन, केस पावसाने भिजलेले. मी हात आडवा घातला. त्याचा बाप म्हणाला, ‘तिकीट काढलंय त्याचं, फुकट नाही आणलं.’ आणि तिकिटं खरोखरच चार होती. कशी, ते तुमच्या वाचकांना सांगायला हवं. एकपडदा थिएटरात बुकिंगच्या खिडकीला हात जाईल एवढंच भोक असायचं. आत बसलेल्याला माणूस दिसत नाही, मूठ दिसते, मुठीतले पैसे दिसतात, आणि ‘चार’ असं ऐकू येतं. तो चार तिकिटं फाडून देतो. म्हणजे पैसे आधीच गल्ल्यात गेलेले असतात आणि वय बघायचं काम उरतं ते दारावर, तिकीट हातात घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासमोर.

मी म्हटलं, पोराला सोडता येणार नाही. त्याने माझ्या आईवरून शिवी दिली. मागे रांग तुंबली, लोक ओरडायला लागले. मॅनेजर आला. त्याने मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘सोड रे,’ म्हणाला, ‘चार तिकिटं परत करायची का आता?’ माझा पगार त्याच्या हातात होता. घरी दोन लेकरं होती. मी तिकिटं फाडली.

अर्ध्यापाऊण तासाने दाराचा जाड पडदा हलला आणि तो मुलगा एकटाच बाहेर आला. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबलेले. चड्डी ओली झाली होती, आणि ती पावसाने नव्हती. मी त्याला माझ्या स्टुलावर बसवलं, रुमाल दिला. नाव विचारलं तर सांगेना. आतला आवाज दारातून येतच होता. दर गोळीला तो दचकायचा. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, ‘ती माणसं खरंच मेली का?’ मी सांगितलं, ‘नाही बाळा, ते खोटं असतं, उद्याच्या तीनच्या खेळाला ती सगळी परत उठतात.’ त्याला ते पटलं नाही. तो दाराकडे बघत राहिला. त्याचा बाप आत होता आणि मेलेली माणसंही आतच होती. त्या वयाच्या पोराला त्यातलं खरं काय, खोटं काय, हे कळायचं कसं?

बाप उठून आला तो इंटरव्हलला, चहासाठी. पोराला स्टुलावर बघून म्हणाला, ‘भित्रा आहे.’ चहा पिऊन झाल्यावर दंडाला धरून त्याला परत आत घेऊन गेला. पोराने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी बॅटरी हातात घेऊन उभा होतो. मी काही केलं नाही.

संपादक महोदय, त्या रात्री डोळेझाक झाली, ती माझ्याकडून झाली, हे मी मान्य करतो. ते ओझं माझंच आहे. पण बापाला, बुकिंगला आणि मॅनेजरला वगळून ती एकट्या डोअरकीपरच्या माथी मारू नका. प्रौढांचा सिनेमा मुलांना दाखवला तर कायदा थिएटरवाल्याला पकडतो. मुलाला हाताला धरून आणणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. सव्वीस वर्षांत मी त्या कारणासाठी एकाही बापाला मान खाली घातलेली पाहिली नाही.

आता काळ बदलला, मल्टिप्लेक्स आली, असं तुम्ही म्हणाल. गेल्या महिन्यात मी मुलीकडे होतो. नातू नऊ वर्षांचा. मुलीने मोबाइलवर तिकिटं काढली. मी विचारलं, ‘किती प्लस आहे?’ ती म्हणाली, ‘बाबा, यूए आहे, सगळे मुलांना घेऊन जातात.’ मी म्हटलं, आकडा बघ. बघितला तर १६+. तो मोबाइलवर होता, पण बोटाच्या नखाएवढा. माझी मुलगी शिकलेली आहे, पोराला जपणारी आहे, तरी तिच्या नजरेतून तो सुटला. कारण इतकी वर्षं यूए म्हणजे ‘चालतं’ हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलं आहे. सात वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांचं मूल एकाच अक्षराखाली ढकलू नये, हे सिनेमांच्या प्रमाणपत्रांचा विचार करायला सरकारने नेमलेल्या श्याम बेनेगल समितीने २०१६ सालीच सांगितलं होतं. तो बदल कायद्यात यायला पुढची सात वर्षं गेली. आणि आता आकडे आले आहेत, तर ते कोणाला दिसत नाहीत. सिनेमा सुरू होताना पडद्यावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं खरं. पण तोवर मूल खुर्चीत बसलेलं असतं, दिवे गेलेले असतात, तिकिटाचे पैसे दिलेले असतात. तेव्हा आकडा वाचून कोण उठतो?

आम्ही मात्र त्या दिवशी सिनेमा बदलला. नातू रुसला, संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. बोलला नाही तरी चालेल, असं मला वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही गोष्ट दारापर्यंत येऊच देऊ नका. वय तिकीट काढतानाच विचारलं गेलं पाहिजे, मूल किती वर्षांचं आहे ते तिथेच सांगावं लागलं पाहिजे, आणि तिकिटावर सीट नंबर जेवढ्या मोठ्या अक्षरात असतो तेवढ्याच मोठ्या अक्षरात १६+ छापलं पाहिजे. ‘ए’च्या सिनेमाला दारावरच्या पोराने हात आडवा घातला, तर मॅनेजरने येऊन तो हात खाली करता कामा नये.

आणि एक. हे तुमच्याच अंकाबद्दल आहे, राग मानू नये. अग्रलेख वाचून झाल्यावर मी पान उलटून सिनेमाच्या जाहिराती बघितल्या, भिंग घेऊन बघितल्या. पाच जाहिराती होत्या. जाहिरातीत प्रमाणपत्राचा वर्ग दाखवला पाहिजे, हा नियम १९८३ च्या नियमावलीतही होता. आमच्या पेंटरला तो पाठ होता, हँडबिलावरसुद्धा तो न विसरता ए काढायचा. तुमच्या पाचांपैकी तीन जाहिरातींत ते अक्षर एका कोपऱ्यात मुंगीएवढं, आणि एकीत मला सापडलंच नाही. शेजारीच ‘आज शहरात’ म्हणून तुम्ही स्वतः जी यादी छापता, तिच्यात सिनेमाचं नाव आहे, थिएटर आहे, चारही खेळांच्या वेळा आहेत. वयाचा आकडा एकाही सिनेमापुढे नाही.

ती यादी जाहिरात नाही, तिचे पैसे कोणी देत नाही, ती तुमच्या हातात आहे. प्रत्येक नावापुढे दोन अक्षरांची जागा रिकामी आहे, मी मोजून बघितली. येत्या शुक्रवारपासून तिथे आकडा छापाल का?

आपला,
एक निवृत्त डोअरकीपर
(नाव व पत्ता छापू नये, ही विनंती.)