बाबा, तुमचा डबल क्लच इथल्या बर्फात कामी येतो

मॉन्ट्रियल,
२० जानेवारी

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

मी इथल्या बर्फात स्पोर्ट्स गाडी चालवतो या काळजीने परवा फोनवर आईचा आवाज रडवेला झाला आणि बोलणं अर्ध्यावर राहिलं. फोनवर अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय. बाबांनी सावकाश वाचावं आणि आईला समजावून सांगावं.

आई, तुला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तो व्हिडिओ खरा आहे, पण जुना आहे. डिसेंबर २०१६ मधला, इथल्या बीव्हर हॉलच्या उतारावरचा. एक बस घसरते, मग दुसरी, मग पोलिसांची गाडी, आणि शेवटी बर्फ काढायला आलेला ट्रकसुद्धा खाली येऊन आदळतो. पण एक गोष्ट बघ. त्यात माझ्या गाडीसारखी स्पोर्ट्स गाडी एकही नाही. ज्यांचं रोजचं कामच बर्फातलं, त्यांच्याही गाड्या घसरल्या. रस्ता तसा गुळगुळीत झाला की कोणती चाकं गाडी हलवतात याला काही अर्थ उरत नाही. अशा दिवशी गाडी बाहेर काढायचीच नाही, आणि मी काढत नाही. इथली मेट्रो १९६६ पासून आहे, पूर्ण जमिनीखालून धावते आणि तिला रबरी टायर आहेत. वर कितीही बर्फ पडो, खाली तिला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता बाबांचा प्रश्न. तुम्ही मागून विचारलंत, ‘मागच्या चाकांची आहे ना रे?’ खरा मुद्दा तोच आहे.

माझी माझदा एमएक्स-५ दोन सीटची. इंजिन पुढे, दोन लिटरचं, आणि जोर मागच्या चाकांना. वजन जेमतेम अकराशे किलो, तेही पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास निम्मं निम्मं. इथल्या बऱ्याचशा मोटारी पुढची चाकं ओढतात. इंजिनाचा भार त्याच चाकांवर असतो, त्यामुळे ताज्या बर्फातूनही त्या सहज निघतात. माझ्या गाडीला निघताना जपावं लागतं, हे मी नाकारत नाही. पण बाबा, तुमची एसटी मागच्या चाकांवरच चालायची. अण्णाकाकांची अँबेसिडर, डॉक्टरांची पद्मिनी, सगळ्या तशाच. आषाढात कुंभार्ली घाटात डोंगरावरची लाल माती रस्त्यावर वाहून आलेली असायची आणि तुम्ही चिपळूणची गाडी वेळेवर कराडला लावायचात. मी सुट्टीत तुमच्या मागच्या सीटवर बसून तुमचे पाय बघायचो. इथे गाडी चालवताना मला तेच पाय आठवतात.

पहिली गोष्ट टायरची. बर्फात गाडी चांगली की वाईट हे निम्म्याहून जास्त टायर ठरवतात, असं माझं ठाम मत आहे. नेहमीच्या उन्हाळी टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. थंडीत आपल्या बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं ना, तसंच. मग त्याला रस्ता धरता येत नाही, रस्ता कोरडा असला तरी. हिवाळी टायरचं रबर उणे वीसलाही मऊ राहतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात. इथे क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर लावायची सक्ती आहे. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण लागते. नसेल तर दोनशे ते तीनशे डॉलर दंड. मी नोव्हेंबरातच चारही बदलतो. काही जण पैसे वाचवायला फक्त मागचे दोन बदलायचा विचार करतात. मग जोर लागतो, पण वळताना आणि थांबताना पुढची चाकं सरळच पुढे जातात. टायर बदलायचे तर चारही.

दुसरी गोष्ट, निघणं. पहिल्या गिअरमध्ये चाकाला एकदम जोर मिळतो आणि ते जागच्या जागी फिरून खालचा बर्फ घासून काच करून टाकतं. म्हणून मी दुसऱ्या गिअरवर निघतो. क्लच सावकाश, अ‍ॅक्सिलरेटर जवळजवळ नाहीच. गाडी रुतलीच तर थोडं पुढे, थोडं मागे, असं झुलवून काढायची. त्या वेळी चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा बटण दाबून बंद करावी लागते, नाहीतर ती इंजिनाचा जोरच कापून टाकते. बाहेर पडलो की लगेच पुन्हा चालू. गाडी सरळ ठेवणारी यंत्रणा तर इथे सप्टेंबर २०११ पासूनच्या प्रत्येक नव्या मोटारीत बंधनकारक आहे. आई, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितोय. शेपूट हलायला लागली की गाडी स्वतःच एकेका चाकाला ब्रेक लावून तिला जागेवर आणते.

चढावर मागच्या चाकांची गाडी लोकांना वाटते तितकी लुळी पडत नाही. वजन मागे झुकतं, आणि जोर तिथेच असतो. जपायचं ते उतरताना. शेरब्रुक रस्त्यापासून डोंगराकडे चढणारा पील रस्ता आहे, त्याचा वरचा भाग चांगलाच उभा. तो उतरताना मी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो. तेव्हा क्लच धाडकन सोडला, तर मंद फिरणारं इंजिन मागच्या चाकांना एकदम आवरतं. कोरड्या रस्त्यावर फक्त हिसका बसतो. बर्फावर मात्र मागची चाकं क्षणभर अडकतात आणि गाडीची शेपूट बाजूला जाते. ब्रेकला पाय न लावता गाडी फिरते, आणि ती का फिरली हे चालवणाऱ्याला कळतही नाही.

यावरचा उपाय तुम्ही आयुष्यभर केलात, बाबा. क्लच, न्यूट्रल, रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. जुन्या एसटीत डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडायचाच नाही. माझ्या गाडीला दोनदा क्लच लागत नाही. तो एकदा दाबायचा, गिअर बदलता बदलता रेस द्यायची, इंजिनाचा आवाज बरोबर त्या उंचीला चढला की क्लच सोडायचा. हिसका नाही, धक्का नाही, गाडी तशीच खाली सरकत राहते. तो आवाज ओळखायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. मीटरकडे न बघता तुम्ही ज्या आवाजावर गिअर टाकायचात, तो माझ्या कानात बसलाय. गिअर पडल्याचं मागच्या सीटवरच्या म्हातारीला कळता कामा नये, असं तुम्ही म्हणायचात.

गेल्या हिवाळ्यात मी बर्फावर गाडी चालवायचं रीतसर शिक्षणही घेतलं. शहराबाहेर एक बंद मैदान होतं, पाणी मारून गोठवलेलं, आदळायला काही नाही. तिथे गाडी मुद्दाम घसरवायला लावतात. शेपूट सुटते ते डोळ्यांना दिसण्याआधी कमरेला कळतं. सीट खालून हलकेच उजवीकडे निघाल्यासारखी वाटते आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं होतं. त्या क्षणी पाय आपोआप ब्रेककडे जातो, तो आवरायचा. अ‍ॅक्सिलरेटर हळूच कमी करायचा, शेपूट उजवीकडे गेली तर स्टिअरिंगही उजवीकडे, आणि नजर जिथे जायचंय तिथे. गाडी सावरायला लागली की स्टिअरिंग तितक्याच चपळाईने सरळ करायचं, नाहीतर ती उलट बाजूला फेकली जाते, आणि ते पहिल्या घसरण्यापेक्षा वाईट. टायरची पकड मोजकीच असते. ती वळण्यात खर्च झाली तर ब्रेकला उरत नाही. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, आणि पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या कितीतरी पट.

एक मात्र खरं. सगळ्यात धोकादायक थंडी फार कडाक्याची नसते. उणे वीसला बर्फ कोरडा असतो, टायरखाली करकरतो आणि बऱ्यापैकी पकड देतो. शून्याच्या आसपास त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो, तेव्हा तो सर्वात निसरडा. पूल खालूनही गार होतात, म्हणून ते रस्त्याआधी गोठतात. आणि ताजा बर्फ पाच-सहा इंचांवर गेला की माझी बुटकी गाडी त्यात पोटावर टेकते, चाकांवरचं वजन उचललं जातं. त्या दिवशी मेट्रो. यात मी तडजोड करत नाही.

आई, डिकीत काय असतं तेही लिहितो. घडीचं फावडं, वाळूची पिशवी, मेणबत्ती, काडेपेटी, बॅटरी, आणि तू शिवलेली हिरव्या काठाची गोधडी. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. पोह्यांचा चिवडा एका डब्यात असतो, तो मात्र बर्फाची वाट बघत नाही, लवकर संपतो. पुढच्या वेळी जरा जास्त पाठव.

रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं काय, असं बाबा विचारतील. पत्रा खातंच. कडाक्याच्या थंडीत मीठ निकामी होतं, मग खडी पसरतात, ती रंग उडवते. मी दर शरद ऋतूत गाडीच्या पोटाला तेल मारून घेतो आणि जरा ऊब आली की खालून धुवून आणतो. तरी गंज येणारच. पण ही गाडी झाकून ठेवायला घेतलेली नाही. हिवाळा पाच महिन्यांचा आहे, आणि मला त्यातही चालवायला आवडतं. रात्री नुकता बर्फ पडून गेलेला, रस्ता रिकामा, आणि वळणावर पुढची-मागची चारही चाकं काय करतायत ते वेगवेगळं कळतंय, असं चालवणं मला कोरड्या रस्त्यावर कधी मिळालं नाही.

आता तुमच्याकडे एक काम. दादा आठवड्याला घाट चढून कराडला जातो. त्याच्या गाडीचे टायर बदलून बरीच वर्षं झाली. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. तो आकडा वाचून मला फोटो पाठवायला सांगा. खाचेत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे १.६ मिलिमीटरच उरलं, ती आपल्याकडची कायद्याची शेवटची हद्द. पावसासाठी तेवढ्यावर थांबू नका. मे महिन्यात चारही बदलून घ्या, पैसे मी पाठवतो. दादा नको म्हणेल, त्याचं ऐकू नका.

बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख कळवा. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमचा,
नंदू