निविदेतल्या ‘किमान सिमेंट’च्या रकान्याबद्दल

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री यांस,

स.न.वि.वि.

मी काँक्रीटच्या प्रयोगशाळेत काम करणारा अभियंता. एका सरकारी कामासाठी आम्ही जिओपॉलिमर, म्हणजे बिनसिमेंटच्या, काँक्रीटच्या कर्बस्टोनचा (पदपथाच्या कडेच्या दगडांचा) प्रस्ताव दिला होता. तांत्रिक तक्त्यात एक रकाना होता, ‘किमान सिमेंट, किलो प्रति घनमीटर’. आम्ही खरे तेच लिहिले : शून्य. सोबत २८ दिवसांच्या क्यूबचे (चाचणीच्या ठोकळ्यांचे) निकाल जोडले होते, मागितलेल्या ताकदीपेक्षा चांगले. प्रस्ताव परत आला. शेरा दोनच शब्दांचा, ‘सिमेंट अपुरे’.

शेरा मारणाऱ्यावर माझा राग नाही. हातातल्या कागदाने त्याला दुसरे काही करूच दिले नसते. तक्रार त्या रकान्याबद्दल आहे, आणि तो आपल्या खात्याचा आहे.

सिमेंटसाठी चुनखडी भाजली की दगडातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. टनभर क्लिंकरमागे (जे दळून सिमेंट होते, त्या भाजलेल्या खड्यांमागे) साधारण अर्धा टन, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. भट्टी कितीही सुधारा, हा अर्धा टन टळत नाही. जिओपॉलिमरला ही भाजणीच लागत नाही. औष्णिक वीज केंद्राची राख आणि लोखंडाच्या झोतभट्टीतली स्लॅग (मळी) यांत सिलिका आणि ॲल्युमिना आयते असतात. सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सिलिकेटचे द्रावण घातले की ते विरघळतात आणि नव्याने घट्ट बांधले जातात. पाडकामातल्या विटांची बारीक भुकटीही यात भाग घेते. वीट म्हणजे शेवटी भाजलेली मातीच. जुने काँक्रीट फोडून त्याची खडी होते.

‘हे सगळे नवीन आहे’ असे फाइलवर लिहिले जाते म्हणून सांगतो : अल्कलीने स्लॅग बांधण्याचे काम किव्हमध्ये संशोधक ग्लुखोव्स्की यांनी १९५०च्या दशकातच सुरू केले होते. ऑस्ट्रेलियातल्या वेलकॅम्प विमानतळावर २०१४ साली सुमारे ४०,००० घनमीटर जिओपॉलिमर काँक्रीट वापरले गेले. आम्ही मागत होतो ते पदपथाच्या कडेला.

अडचणी आहेत, आणि त्या मीच सांगितलेल्या बऱ्या. आमच्या पहिल्या घाण्यात स्लॅग जास्त पडली आणि माल मिक्सरमध्येच आवळला. ड्रम छिन्नी-हातोड्याने मोकळा करावा लागला. नुसत्या राखेवर गेलो तर माल दुसऱ्या दिवशीही बोट रुतेल इतका मऊ, मग साचे ६० अंशांच्या ओव्हनमध्ये. द्रावण कातडी जाळते, हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याच्या जवळ जाऊ नये. सोडियम सिलिकेट बनवायलाही बरीच ऊर्जा लागते, त्यामुळे ते सढळ हाताने ओतले तर कार्बनची बचत तिथेच निसटते.

राडारोड्याची खडी तर वेगळीच जात. प्रत्येक खड्याला जुना मॉर्टर चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. खडी आधी भिजवून वरून कोरडी केली नाही, तर तेवढेच द्रावण ती ओढून घेते आणि माल कोरडा पडतो. मूठभर खडी हातात घेतली की मधूनच एखादा पांढरा, नखाने खरवडता येणारा तुकडा सापडतो. तो जिप्समचा. त्यातले सल्फेट काँक्रीटला नको असते, आणि एकदा सगळे एका ढिगात गेले की ते निवडणे जवळजवळ अशक्य. वर्गवारी पाडतानाच व्हायला हवी. म्हणजे ती पाडकामाच्या ठेक्यातच लिहायला हवी.

रकान्याबद्दल मागणी एवढीच : सिमेंट किती घातले ते विचारू नका. ताकद किती, आकुंचन किती, झीज किती, क्लोराइड किती आत शिरते ते विचारा, आणि चाचणीत नापास झाले तर खुशाल परत पाठवा. सुरुवात कर्बस्टोन, पेव्हर ब्लॉक अशा बिनसळईच्या, कारखान्यात ओतल्या जाणाऱ्या वस्तूंनी करावी. पुलाच्या तुळया आज मीही मागणार नाही. सळईचे गंजापासून दीर्घकाळ संरक्षण होते का, यावर अजून अनुभव जमायचा आहे.

त्या प्रस्तावाच्या घाण्यातले सहा क्यूब मी राखून ठेवले आहेत. आपल्या अभियंत्यांनी ते न्यावेत आणि स्वतःच्या प्रेसवर फोडून पाहावेत.

आपला विश्वासू,
काँक्रीट प्रयोगशाळेतील एक अभियंता