मंत्रिमहोदय, आईच्या सोनोग्राफीची तारीख महाशिबिराला गेली

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ऑनलाइन कामांचं केंद्र चालवतो. सातबारा, दाखले, पीक विमा आणि गेली काही वर्षं आयुष्मान कार्ड नि आभा नंबर, म्हणजे आरोग्याच्या नोंदींचा ऑनलाइन क्रमांक. म्हणजे आपल्या खात्याचा मी बिनपगारी माणूसच. लोकांचे अंगठे घेऊन, ओटीपी विचारून मी त्यांना सांगत आलोय की काका, हे कार्ड जपून ठेवा, यावर पाच लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. मागच्या आठवड्यापासून हे वाक्य माझ्या तोंडून निघेना, म्हणून आपल्याला लिहितोय.

माझ्या आईला जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीत जाते, मग उलट्या. वय सत्तरीच्या आसपास, साखर आहे. गावच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, पित्ताशयात खडे असावेत, सोनोग्राफी करून या. मशीन त्यांच्याकडेच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियान असतं, त्या दिवशी बाहेरून डॉक्टर येतात, मशीनवरचं कापड निघतं आणि गरोदर बायकांची तपासणी होते. ती व्हायलाच हवी. त्या पोरींशी माझं भांडण नाही. पण बाकीच्या २९ दिवसांत ज्याचं पोट दुखेल त्याने सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात जायचं.

सिव्हिलला गेलो. केस पेपरची रांग, मग सर्जनच्या ओपीडीची रांग. डॉक्टरांनी मान वर न करता सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. त्यांना दोष देत नाही, बाहेर दोनशे माणसं तरी ताटकळत होती. सोनोग्राफीच्या खिडकीवर तारीख मिळाली थेट पुढच्या महिन्यातली. मी म्हटलं, कळ येते हो तिला, रात्र रात्र झोपत नाही. खिडकीतला म्हणाला, सगळ्यांनाच येते.

ठीक. थांबलो. तारखेच्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघालो. चिठ्ठीवर सूचना होती, उपाशीपोटी यावे, भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरावी. साखरेची बाई रात्रीपासून उपाशी. दोन बाटल्या पाणी पोटात. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर एकच बाक, त्यावर तीन गरोदर बायका. आई भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली, पदराचं टोक मुठीत धरून. दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायची, मी दाराकडे बघायचो. दाराला कुलूप. अकरा वाजले. साडेअकराला एक सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, ‘आजी, आज होणार नाही. सरांची ड्युटी शिबिराला लागलीय. खिडकीवरून नवीन तारीख घ्या.’

आई उठली ती आधी संडास शोधायला. बायकांच्या संडासालाही कुलूप. चावी शिपाईमामांकडे, आणि मामा शिबिराच्या गाडीत औषधांचे खोके चढवायला गेलेले. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की माझ्या आईने आयुष्यभर शेतात मजुरी केली, पण कुणासमोर मान खाली घातली नव्हती, ती परतीच्या एसटीत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आता हे शिबिर कसलं ते आपल्याला कळायला हवं. आमच्या भागातल्या एका लोकप्रतिनिधींचा वाढदिवस होता, त्यानिमित्त ‘भव्य मोफत महाआरोग्य शिबिर’. वीस फुटी फ्लेक्स, मंडप, बुंदी-चिवड्याची पाकिटं. सिव्हिलचे सर्जन तिथे, फिजिशियन तिथे, हाडांचे डॉक्टर तिथे, आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातले एकमेव सोनोग्राफीवाले सरही तिथेच. त्यांनी तिथे केलं काय? मी मुद्दाम चौकशी केली. मशीन शिबिरात नेता येत नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने ते नोंदणी झालेल्या जागीच वापरायचं असतं, आणि तो कायदा योग्यच आहे, आपल्या राज्याने तर १९८८ मध्येच देशात सर्वांत आधी असा कायदा केला होता. मग मशीन दवाखान्यात कुलूपबंद आणि ते चालवणारा डॉक्टर मंडपात खुर्चीवर. शिबिरात त्यांनी लोकांना चिठ्ठ्या लिहून दिल्या. कसल्या? सिव्हिलला येऊन सोनोग्राफी करून घ्या म्हणून.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठी बातमी, हजारो रुग्णांना लाभ. माझी आई त्या हजारांत नाही. पण महोदय, ती सिव्हिलच्याही आकड्यात नाही, आणि हाच माझा खरा मुद्दा आहे. आपल्याकडे ओपीडीचा आकडा रोज वर जातो, केस पेपर किती निघाले, तपासण्या किती झाल्या, ऑपरेशनं किती. ज्याला दारातून परत पाठवलं त्याचा रकानाच कुठल्या रजिस्टरमध्ये नाही. सोनोग्राफीच्या वहीत माझ्या आईच्या जुन्या तारखेवर काट मारली आणि खाली नवी तारीख लिहिली, झालं. कारण लिहिलं नाही. ‘डॉक्टर वाढदिवसाला गेल्यामुळे’ असं लिहायला हरकत काय होती? तालुक्या-तालुक्यातून किती माणसं अशी उपाशीपोटी येऊन परत जातात, हे मंत्रालयात कुणाला विचारलं तर सांगता येईल का? येणार नाही. मोजलंच नाही तर ते घडलंच नाही.

नवी तारीख आणखी तीन आठवडे पुढची. मधेच एका रात्री कळ एवढी आली की शेजाऱ्याच्या गाडीतून तिला खाजगीत नेलं. तिथे सोनोग्राफी दहा मिनिटांत झाली. बाराशे रुपये. खडे निघाले. रिपोर्ट घेऊन पुन्हा सिव्हिल. आता म्हणतात ऑपरेशन लागेल, पण आधी फिजिशियनची फिटनेस पाहिजे, फिजिशियनची ओपीडी ठरलेल्या वारी, आणि मग भूलतज्ज्ञ मॅडमची तारीख, कारण भूलतज्ज्ञ एकच आणि त्यांना आधी सिझेरियनं. हेही बरोबरच आहे, अडलेली बाळंतीण आधी. पण म्हणजे प्रत्येक वेळी बरोबरच असतं आणि प्रत्येक वेळी आमची आईच मागे राहते.

दवाखान्याच्या दर्शनी भागात एक फलक आहे. मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं. खडूने लिहिलेला, बऱ्याच ठिकाणी पुसट. ‘रिक्त’ हा शब्द मात्र ऑइल पेंटने रंगवलेला आहे. ज्याने रंगवला त्या पेंटरला आपल्या खात्याची चांगली ओळख असणार.

बरं, योजना. फुले जन आरोग्य योजनेत हजाराहून जास्त उपचार आहेत, पाच लाखांचं कवच आहे, आणि आता ते राज्यातल्या सगळ्यांना आहे. मी स्वतः कार्डं छापतो, मला सांगू नका. पण योजना कामाला येते ती भरती झाल्यावर. भरती होणार निदान झाल्यावर, निदान होणार सोनोग्राफी झाल्यावर आणि सोनोग्राफी होणार शिबिरं संपल्यावर. पाच लाखांच्या कार्डाला बाराशे रुपयांच्या तपासणीपाशी पाय फुटेनात, तर ते कार्ड मी लोकांना लॅमिनेट करून देऊ तरी कशाला?

१५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या दवाखान्यांत सगळं मोफत झालं. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, मी केंद्राच्या काचेवर बातमीचं कात्रण चिकटवलं होतं. पण जिथे जिल्हा रुग्णालय नव्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलं, तिथे मालक बदलला, म्हणजे आरोग्य खातं जाऊन वैद्यकीय शिक्षण खातं आलं, आणि मोफतचा निर्णय त्यांना लागू नव्हता. पेशंट तोच, इमारत तीच, खाटही तीच, फक्त मंत्री दुसरे. एका राज्यात आजाऱ्याला दोन मंत्री आणि तपासायला अर्धा डॉक्टर!

केंद्र सरकारच्या २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलंय की राज्यांनी २०२० पर्यंत बजेटचे आठ टक्क्यांहून जास्त पैसे आरोग्यावर खर्च करावेत. २०२० येऊन गेलं, त्यात तर अख्खं जग आरोग्याच्याच नावाने रडलं. आपलं राज्य त्या आठाच्या निम्म्यापाशीच घुटमळतंय. एक लाख वीस हजार लोकवस्तीमागे एक तीस खाटांचं रुग्णालय आणि त्यात सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोग, बालरोग आणि भूलतज्ज्ञ, असा सरकारचाच निकष. आमच्या तालुक्याला इमारत मिळाली. आमच्या वाट्याच्या डॉक्टरांपैकी निम्मे कागदावर आहेत, आणि जे आहेत त्यांतले एकदोन सकाळी सरकारी नि संध्याकाळी खाजगी. खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मिळणारा व्यवसायरोध भत्ता घेतात की नाही हे त्यांचं त्यांना ठाऊक. सगळे तसे नाहीत. रात्री दोनला फोन उचलणारा एक बंधपत्रित, म्हणजे सरकारी सेवेच्या बाँडवर आलेला, पोरगा डॉक्टर आमच्याकडे आहे, त्याचं वर्ष भरलं की तोही जाईल आणि त्याच्या नावापुढे पेंटर येईल.

ऑक्टोबर २०२३ आठवतो का? नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं. मग धावपळ. एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्याच हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला, फोटो राज्यभर फिरला. पदं भरल्याचा फोटो काही माझ्या पाहण्यात आला नाही. आणि औषध खरेदी आधी हाफकिन या सरकारी संस्थेकडे, मग त्यासाठी वेगळं प्राधिकरण, तरी आजही सिव्हिलच्या औषध खिडकीवर अर्धी चिठ्ठी ‘बाहेरून घ्या’ म्हणून परत येते. बदलते ती फक्त पाटी.

माझ्या केंद्राच्या भिंतीवर सरकारचाच एक बोर्ड आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कुठला दाखला किती दिवसांत, नाही मिळाला तर पहिलं अपील कुणाकडे, दुसरं कुणाकडे. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. उत्पन्नाचा दाखला अडला तर मी अपील टाकतो, आणि खरंच काम होतं, तहसीलमधले लोक मला त्यासाठी ओळखतात. पण पोटातल्या खड्याला अपील नाही. आईच्या सोनोग्राफीला उशीर झाला म्हणून कुणाला रुपयाचा दंड नाही. मेल्यावर मृत्यूचा दाखला मात्र मुदतीत मिळण्याचा हक्क आहे. कायदा इथूनच सुरू होतो बहुतेक.

तर मागणं एवढंच. तपासणीची तारीख या कायद्यात आणा. तारीख मोडली तर रजिस्टरमध्ये कारण लिहा, सहीनिशी, आणि महिन्याला किती मोडल्या ते त्याच फलकावर लावा, खडूने चालेल. एकच तज्ज्ञ असलेल्या दवाखान्यातून त्याला शिबिराला, दौऱ्याला, उद्घाटनाला नेण्यावर लेखी बंदी घाला, मग वाढदिवस कुणाचाही असो. तेही जमत नसेल तर सरकारी दवाखान्यात ज्या तपासणीला पंधरा दिवसांत तारीख नाही, ती खाजगीत करून पैसे योजनेतून द्या. आणि संडासाची चावी मामांच्या खिशात ठेवू नका. याला मंत्रिमंडळाचा निर्णय लागणार नाही असं वाटतं.

आईला भूलतज्ज्ञांची तारीख अजून मिळालेली नाही. ती आता तेलकट खात नाही, खरं तर फारसं काहीच खात नाही, आणि मला म्हणते की राहू दे रे, कमी झालंय. कमी झालेलं नाही.

आपल्या कार्यालयाकडून उत्तर येईल तेव्हा ते ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असं नसावं. तसली पत्रं मी रोज लोकांना वाचून दाखवतो, मला त्यांचा मसुदा पाठ आहे.

आपला,
एक ऑनलाइन केंद्रचालक, मराठवाडा

प्रत माहितीस्तव :
१) मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री (‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ असं दोघांपैकी कुणालाच म्हणता येऊ नये म्हणून)
२) जिल्हा शल्य चिकित्सक, शिबिरावरून परत आले असल्यास