सड्याची पाहणी पावसाळ्यात करा : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नवीन महाबळेश्वर (साताऱ्याच्या डोंगरांतले नियोजित गिरिस्थान) प्रकल्पक्षेत्रातील सड्यांची पावसाळ्यात पाहणी करण्याबाबत

सन्माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात राहतो. पस्तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि त्यातले बहुतेक पावसाळे मुलांना घेऊन सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, काढले. निवृत्त झालो तरी जून लागला की पाय तिकडेच वळतात. म्हणून हे पत्र.

मागे एका एप्रिलमध्ये साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या एका सड्यावर दोन तरुण भेटले. डोंगरमाथ्यावर होऊ घातलेल्या एका बांधकामासाठी ते झाडाझुडपांची आणि प्राण्यांची नोंद करायला आले होते. ऊन रणरणत होते, कातळावर हात टेकवत नव्हता. त्यांनी आपला कागद मोकळेपणाने दाखवला. वनस्पतींच्या रकान्यात लिहिले होते : ‘वाळलेले गवत, तुरळक झुडपे’. प्राण्यांच्या रकान्यात गुरे, कावळा, साळुंकी. पोरे प्रामाणिक होती. जे दिसले ते त्यांनी लिहिले. मी खाली बसलो आणि कातळाच्या एका खाचेतली माती बोटाने बाजूला केली. चार बोटेसुद्धा खोल नव्हती ती. आत लसणीच्या पाकळीएवढा एक कांदा निघाला. “हे काय सर?” एकाने विचारले. मी म्हटले, “दिपकाडी. जूनमध्ये या, फूल दाखवतो.” तो म्हणाला, “सर, रिपोर्ट मेमध्ये द्यायचाय.”

कांदा मी परत मातीत ठेवला. तो कागद मात्र पुढे गेला असणार.

महोदय, मला एवढेच सांगायचे आहे की सड्यावरचे जग पावसाळ्यात जगते आणि आपली पाहणी पावसाळा सोडून होते.

सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. कास, चाळकेवाडी, पाचगणीचे टेबललँड, खाली कोकणात रत्नागिरी-राजापूरचे सडे, ही सगळी एकाच घरातली भावंडे. वर माती जेमतेम, काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी तीही नाही. उन्हाळ्यात कातळ तव्यासारखा तापतो आणि पावसाळ्यात तोच सडा चार महिने पाण्यात निथळत असतो. अशा जागी टिकायचे तर वनस्पतीला एकच मार्ग उरतो. आठ महिने कांदा, कंद किंवा बी होऊन मातीत पडून राहायचे आणि पाऊस आला की घाईघाईने उगवून, फुलून, बी टाकून मोकळे व्हायचे. मे महिन्यात सड्यावर काही नाही असे म्हणणे म्हणजे रात्री दोन वाजता शाळेत जाऊन इथे मुलेच नाहीत असे लिहून आणण्यासारखे आहे.

पहिल्या पावसाबरोबर दिपकाडी आणि जमिनीलगतच्या पांढऱ्या आमऱ्या (ऑर्किड) येतात. कंदीलपुष्पांचे वेल गवतात शोधावे लागतात, गुडघे टेकल्याशिवाय ते दिसत नाहीत. जुलैत ओल्या कातळावर दवबिंदू लालसर चमकू लागतो. त्याच्या पानावरच्या केसांना चिकट थेंब असतात, त्यांवर बसलेला किडा परत उडत नाही. या मातीत नत्र फार कमी, ते झाड किड्यांतून मिळवते. सीतेची आसवे त्याच कारणाने आपल्या बारीक फुग्यांत पाण्यातले जीव ओढून घेतात. ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, तेरडा, कवला, मंजिरी आणि शेवटी सोनकी. लोक गाड्या भरभरून येतात ते हे पाहायला. पण ज्या डबक्यात वायतुरा उभा असतो त्याच्याकडे फारसे कोणी बघत नाही. गुडघाभर पाणीसुद्धा नसलेल्या त्या डबक्यातून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा फाटा फुटलेला तुरा वर येतो. याचे शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. साताऱ्याच्या नावाची ही वनस्पती जगात सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवरच सापडते. डबके बुजले की ती गेली. ती दुसरीकडे लावून जगवू, असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

एकट्या कास परिसरात सपुष्प वनस्पतींच्या ८५०हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटले, त्यात महाराष्ट्रातली चार होती : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. नवीन महाबळेश्वरसाठी राज्य सरकारने २०१९ मध्ये रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, तेव्हाच २३५ गावे त्यात होती. पुढे हद्द आणखी वाढली. कासचा डोंगर आणि कोयनेचे जंगल यांच्या शेजारचा हा मुलूख आहे.

आता नियमांकडे येतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनासाठी केंद्राने खाणींकरिता जी प्रमाणित कार्यकक्षा (काय आणि कसे तपासायचे याची यादी) ठरवली आहे, तिच्यात आधारभूत माहिती एका हंगामाची आणि तीही पावसाळा वगळून घ्यावी, असे स्पष्ट लिहिलेले आहे. हवा, पाणी, आवाज आणि माती यांच्याच ओळीत वनस्पती आणि प्राणीही बसवले आहेत. हवेतली धूळ मोजायची तर पावसाळा टाळणे बरोबर आहे, पावसात धूळ खाली बसते आणि आकडा खोटा येतो. पण धुळीचा नियम फुलाला कसा लावायचा? जांभ्याच्या पठारांवर बॉक्साइट असते, म्हणून खाणींचा हा नियम आमच्या सड्यांना थेट लागू होतो. आणि हॉटेले, वसाहती यांचे अहवाल करणाऱ्यांनाही आता हीच सवय लागली आहे.

प्राण्यांचेही तेच. २००८ साली साताऱ्याच्या पठारांवरून एका पालीचे वर्णन झाले, हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस. ती दगडाखाली राहते. सड्यावर सुट्या पडलेल्या दगडांखाली ओल धरून विंचू, देवगांडुळे, पाली असे सगळे बिऱ्हाड असते. बांधकामाचे पहिले यंत्र येते ते हेच दगड गोळा करायला. दिवसा चालत जाऊन लिहिलेल्या यादीत यातला एकही जीव येत नाही. त्यासाठी दगड हलक्या हाताने उचलून बघावा लागतो, होता तसाच परत ठेवावा लागतो आणि रात्री बॅटरी घेऊन फिरावे लागते.

डोंगरमाथ्यावर काही उभारले की काय होते, हे जगाला दाखवून देणारा अभ्यासही आपल्याच जिल्ह्यात झालेला आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पवनचक्क्या असलेली आणि नसलेली अशा दोन्ही जागा तपासल्या. ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्युशन’मध्ये २०१८ साली निष्कर्ष आले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. पक्षी हटले तसे सरडे वाढले. गर्दी झाल्याने त्यांची तब्येत खालावली, गळ्याखालचा रंगीत पंखा फिका पडला, माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनात. त्या सरड्याच्या प्रजातीचे (जीनसचे) शास्त्रीय नाव आहे ‘सरडा’, आपल्या मराठीतलेच. शास्त्रज्ञांनी मराठी शब्द जगाच्या यादीत नेला. पवनचक्कीने एकाही सरड्याला हात लावला नव्हता, तरी त्याचे सगळे जगणे बदलले. ‘प्रकल्पक्षेत्रात महत्त्वाचे वन्यजीव आढळले नाहीत’ या एका वाक्यात हे कुठे बसते?

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. केंद्राच्या २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. त्याहून मोठी वसाहत असली तरी जनसुनावणीतून बांधकाम प्रकल्पांना सूट आहे. म्हणजे एका सड्यावर दहा रिसॉर्ट एकामागून एक उभी राहिली तर सडा संपूर्ण जाईल आणि कागदावर त्याचा विचार एकदाही झालेला नसेल. आमच्या भागात हे कोणत्या वेगाने चालू आहे ते यवतेश्वरच्या घाटाने वर येताना दोन्ही बाजूंना बघितले तरी कळते. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राने जुलै २०२४ मध्ये पुन्हा काढला, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. पहिला मसुदा निघाल्यापासून आम्ही अंतिम अधिसूचनेची वाट बघतो आहोत.

सातबाऱ्यावर या जमिनीची नोंद ‘पोटखराबा’ अशी असते. महसुलाच्या दृष्टीने ते ठीक, इथे पीक येत नाही. पण त्या एका शब्दामुळे ही जमीन फुकट गेलेली आहे असे सगळ्यांना वाटते, जमीनमालकालाही. सड्यावर मुरलेले पाणी खाली वाडीच्या झऱ्याला येते, हे त्याला माहीत असते. पण त्या नोंदीपुढे त्याचे कोणी ऐकत नाही.

गावांचा प्रश्न मला ठाऊक आहे. जावळी आणि पाटणच्या घरटी एक माणूस मुंबईत माथाडी म्हणून राबतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या घरांत पाहिले आहे. इथे रोजगार यावा, पोरांनी गावात राहावे, असे मलाही मनापासून वाटते. हॉटेल नको असे मी म्हणत नाही. ते कातळावर, डबक्यांवर, डोंगराच्या माथ्यावरच का, एवढे विचारतो. गावठाणालगत आणि रस्त्याकडेला जागा आहेत. घरांतून राहण्या-जेवणाची सोय झाली तर पैसा गावात राहील. पण कोणती जागा चालेल आणि कोणती नाही हे ठरवायला आधी नीट पाहणी हवी.

म्हणून विनंती अशी की नवीन महाबळेश्वरच्या हद्दीतल्या प्रत्येक सड्याची जून ते ऑक्टोबर अशी सलग पाहणी करावी आणि ती पूर्ण होईपर्यंत माथ्यावरची बांधकामाची आरक्षणे स्थगित ठेवावीत. प्रत्येक प्रकल्पाची वेगळी नको, सगळ्या हद्दीची एकत्र करावी. पाहणीचे पैसे प्रकल्प आणणाऱ्याने अहवाल लिहिणाऱ्याच्या हातात देऊ नयेत, ते आपल्या खात्यामार्फत जावेत. एक मीटर चौकोन आखून दर पंधरवड्याला तोच चौकोन पुन्हा मोजावा, डबके न् डबके नकाशावर यावे, रात्रीची फेरी सक्तीची असावी. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती उघडावी, आणि पाहणीच्या वेळी गुराख्यांना व म्हाताऱ्या बायकांना सोबत घ्यावे. कोणत्या खाचेत काय उगवते ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा. राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाने सड्यांवरच्या कोणत्याही प्रकल्पाला पावसाळी नोंदींशिवाय मंजुरी देऊ नये, यासाठी आपण पुढाकार घ्यावा.

साताऱ्यात आणि कोल्हापुरात हे काम जाणणारे प्राध्यापक, तरुण संशोधक आहेत. मीही येईन, मानधन नको. फक्त तारखेचे ध्यान ठेवावे. दिपकाडी पहिल्या पावसात फुलते आणि लवकर संपते. पाहणीचा आदेश मे अखेरपर्यंत निघाला नाही तर तिची नोंद आणखी एक वर्ष पुढे जाईल आणि एप्रिलमध्ये लिहिलेला तो कागद तेवढा फाइलीत राहील.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, सातारा