ती उलटतपासणी नव्हती

संपादक महोदय,

गेल्या मंगळवारी पान तीनवर 'उलटतपासणीत आरोपी निरुत्तर' अशा ठळक मथळ्याखाली आपण एका खुनाच्या खटल्याची बातमी छापलीत. खालच्या मजकुरात होते की न्यायाधीशांनी आरोपीला शंभरावर प्रश्न विचारले आणि त्याने बहुतेकांना 'माहीत नाही' किंवा 'खोटे आहे' एवढेच उत्तर दिले. संध्याकाळी फिरायला गेले तर कट्ट्यावरच्या बायकांचा निकाल लागूनही गेला होता. "शंभर प्रश्न विचारले, एकाचं धड उत्तर नाही. अजून काय पाहिजे?"

मी सत्र न्यायालयात ३१ वर्षे लघुलेखक होते. २०१२ साली निवृत्त झाले. खुनाच्या किती खटल्यांतल्या साक्षी या बोटांखालून गेल्या ते मोजलेले नाही, पण तुमची बातमी वाचून एवढे खात्रीने सांगते की त्या दिवशी त्या कोर्टात उलटतपासणी झालेलीच नाही.

साक्षीदाराला आधी त्याच्या बाजूचा वकील विचारतो ती सरतपासणी, मग विरुद्ध बाजूचा विचारतो ती उलटतपासणी. दोन्ही शपथेवर. तुमच्या बातमीत प्रश्न विचारणारे आहेत न्यायाधीश, आणि उत्तर देणारा उभा आहे आरोपीच्या पिंजऱ्यात. म्हणजे तो होता आरोपीचा जबाब. पूर्वी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून आम्ही त्याला नुसते 'तीनशे तेरा' म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५१ झाले. सरकार पक्षाचे सगळे साक्षीदार संपले की त्यांनी आरोपीविरुद्ध जे जे सांगितले ते एकेक करून त्याच्यापुढे ठेवायचे, आणि त्याला काय म्हणायचे आहे ते विचारायचे. त्याला शपथ देत नाहीत. उत्तर दिले नाही किंवा खोटे दिले म्हणून त्याला शिक्षा होत नाही. प्रश्नांची यादी बहुतेक वेळा आधीच टाइप केलेली असते, सरकारी आणि बचावाच्या वकिलांची मदत घेऊन ती तयार करायची सोयही २००९ पासून कायद्यात आहे. अशा याद्या मी ढिगाने टाइप केल्या आहेत. "साक्षीदार क्रमांक ४ यांनी असे सांगितले आहे की, त्यांनी तुम्हाला घटनेच्या रात्री विहिरीकडून येताना पाहिले. याबाबत तुमचे काय म्हणणे आहे?" उत्तर: खोटे आहे. "साक्षीदार क्रमांक ५…" उत्तर: माहीत नाही. शेवटचा प्रश्न आणखी काही सांगायचे आहे काय, आणि त्याचे उत्तर तर मी आरोपीने तोंड उघडायच्या आधी टाइप करू शकले असते: "मी निर्दोष आहे. मला खोट्या केसमध्ये गुंतवले आहे."

शंभर प्रश्न म्हणजे शंभर वार नव्हेत. जो मुद्दा आरोपीपुढे ठेवला नाही तो त्याच्याविरुद्ध वापरायला अडचण येते, म्हणून यादी लांबते. ती यादी त्याच्या संरक्षणासाठी आहे, आणि तुमच्या मथळ्यात तीच त्याच्या गळ्यात पडली.

आपल्याकडे आरोपीची खरी उलटतपासणी होऊच शकत नाही, असे नाही. त्याने स्वतः लेखी विनंती केली तर तो शपथ घेऊन साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. कलम ३५३, पूर्वीचे ३१५. तो उभा राहिला नाही तर त्याबद्दल ना वकिलांनी टिप्पणी करायची, ना कोर्टाने, ना त्यावरून काही गृहीत धरायचे. पण फार थोडे आरोपी हा मार्ग घेतात. माझ्या ३१ वर्षांत मी दोन पाहिले.

म्हणूनच २०१४ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेतला ऑस्कर पिस्टोरियसचा खटला मी एखाद्या आधाशासारखा ऐकला. दोन्ही पाय नसलेला हा धावपटू लंडन ऑलिंपिकमुळे आपल्याकडेही माहीत झाला होता. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे त्याने घरातल्या शौचालयाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प होती, ती मेली. चोर शिरला असे वाटले, हे त्याचे म्हणणे. भाच्याने जुन्या लॅपटॉपवर थेट प्रक्षेपण लावून दिले होते. प्रिटोरियातले साडेनऊ म्हणजे आपला दुपारचा एक. ताटे उचलून मी बसायची, आणि आमचे हे शेजारी आरामखुर्चीत एक डोळा मिटून.

आरोपी साक्षीला उभा राहिला की त्याचे चित्र दाखवायचे नाही, फक्त आवाज ऐकवायचा, असा तिथल्या कोर्टाचा आदेश होता. यांना ते पटले नाही. मला मात्र सोयीचे झाले. माझी सगळी नोकरी कानांवर गेली. सवयीने मी जुन्या वीजबिलांच्या पाठीमागे लघुलिपीत सगळे उतरवू लागले. ९ एप्रिलला, बुधवारी, सरकारी वकील गेरी नेल उठले आणि मधला शनिवार-रविवार सोडून पाच दिवस त्यांनी त्याला सोडला नाही.

आवाज कसा चढवायचा हे नेलना ठाऊक होते, पण खरी कमाल त्यांच्या बारीक प्रश्नांची होती. पोलिसांच्या फोटोत पांघरूण जमिनीवर आहे. पंखा तिथेच आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे तो पंखे आत आणायला उठला आणि एका यंत्राचा निळा दिवा झाकायला त्याने तिची जीन्स उचलली. मग पांघरूण इथे कसे? पोलिसांनी हलवले. पंखा? तोही पोलिसांनीच. पडदे? प्रत्येक उत्तर तो नेलकडे न बघता न्यायाधीशबाईंना उद्देशून देत होता, "माय लेडी" म्हणून. शिकवलेले असावे. आमच्याकडेही वकील साक्षीदाराला व्हरांड्यात हेच सांगतात, साहेबांकडे बघून बोल.

दुसरा प्रसंग एका हॉटेलातला, त्याच खटल्यातला वेगळा आरोप. जेवणाच्या टेबलाखाली मित्राचे पिस्तूल त्याच्या हातात आले आणि उडाले. घोडा आपण ओढलाच नाही, असे तो म्हणाला. घोडा ओढल्याशिवाय ते पिस्तूल उडत नाही, असे तज्ज्ञ सांगून गेला होता. त्या दिवशी बिलाच्या मागे मी पेन ठेवले. आमचे हे म्हणाले, "खोटं बोलतोय गं, आवाजावरनं कळतंय." मीही मान हलवली. आज लिहायला लाज वाटते, पण दुसऱ्याच दिवशी मी त्याला मनातल्या मनात जन्मठेप देऊन मोकळी झाले होते.

न्यायमूर्ती थोकोझिले मासिपा मात्र घाईत नव्हत्या. श्रोत्यांत हसू फुटले तेव्हा ही करमणूक नव्हे म्हणून त्यांनी दम दिला. साक्षीदार पिंजऱ्यात असताना त्याला खोटारडा म्हणायचे नाही, असे नेलना सुनावले. आरोपी फार गडबडू लागला तेव्हा दमला आहेस का, असे त्यालाच विचारले. दमला असेल तर तसे सांग, कारण या चुका तुझ्या अंगाशी येतील, हा त्याचा अर्थ. असे विचारणारे साहेब मला एकच भेटले होते.

निकालात त्यांनी तो अतिशय वाईट साक्षीदार होता, असे स्वच्छ म्हटले. आणि लगेच पुढे, साक्षीदार वाईट म्हणजे आरोपी दोषी असे नव्हे. खून नाही, सदोष मनुष्यवध, पाच वर्षे. डिसेंबर २०१५ मध्ये वरच्या अपील न्यायालयाने ते फिरवून खून ठरवला. शिक्षा शेवटी, २०१७ साली, तेरा वर्षे पाच महिने झाली. पण अपिलात तो कशावर अडकला? पांघरूण नाही, जीन्स नाही, रडणे नाही. लहानशा कोंदट जागेच्या दारामागे कोणीतरी माणूस आहे हे त्याला माहीत होते, आणि त्याने चार वेळा गोळी झाडली. आत रीव्हा होती की चोर, याने फरक पडत नाही. दारामागे कोणी आहे असे वाटल्याचे तो स्वतःच पहिल्यापासून सांगत होता. पाच दिवस आम्ही दोघे ज्या ज्या ठिकाणी 'सापडला!' म्हणालो, त्यातले काहीच त्या निर्णयाच्या मुळाशी नव्हते.

मला तेव्हा नानावटी आठवला, बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घालणारा नौदलाचा अधिकारी. लघुलेखनाच्या क्लासमध्ये आमचे सर वेगाच्या सरावासाठी त्या निकालपत्रातले उतारे वाचून दाखवायचे. मुली टॉवेलपाशी आल्या की खालमानेने हसायच्या. प्रेम आहुजा कमरेला नुसता टॉवेल गुंडाळून होता. झटापटीत गोळ्या सुटल्या असतील तर टॉवेल जागच्या जागी कसा राहिला, हा सरकार पक्षाचा सवाल. कमांडर नानावटी १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नौदलाच्या पांढऱ्या गणवेशात शपथेवर उभा राहिला. आरोपीला आपल्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याची मुभा मिळून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. ज्युरीने त्याला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. टॉवेल निकालपत्रात आहेच. पण अचानक प्रक्षोभाचा बचाव कोसळला तो घड्याळावर. दुपारी दीडला घर सोडले, बायकोमुलांना सिनेमाला पोचवले, बोटीवर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतले, आणि गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. राग निवायला तीन तास पुरेसे होते, असे कोर्ट म्हणाले.

आता मी पाहिलेल्या दोघांपैकी एक. गावाचे नाव घेत नाही. दोन भाऊ, बांधाचा वाद, धाकटा मेला. थोरल्याने वकिलाचा सल्ला मोडून साक्षीचा अर्ज दिला. सरकारी वकील म्हातारे, हळू बोलणारे. अर्धा तास पाण्याच्या पाळीबद्दल आणि मोटारीबद्दल विचारत राहिले, मला तर जांभई आली. मग म्हणाले, "कुऱ्हाड कशाला घेतली होती?" बाभळीच्या फांद्या तोडायला. "बाभूळ कुठे आहे?" विहिरीच्या अंगाला. "आणि तुम्ही गेला कुठं?"

पंख्याचा आवाज येत होता. पट्टेवालासुद्धा दारात थबकला. बऱ्याच वेळाने थोरला म्हणाला, बांधावर.

साहेबांनी सांगितले आणि मी टाइप केले: "बाभळीचे झाड विहिरीच्या बाजूला आहे. मी बांधाच्या बाजूला गेलो." दोन वाक्ये. आपल्याकडे साक्ष सहसा अशीच लिहितात, प्रश्न गळून जातो आणि उत्तराचे सलग निवेदन होते. वकील ओरडून विचारतो, "तू खोटं बोलतोयस ना?" आणि कागदावर येते, "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांना महत्त्वाचे वाटले तर तसा शेरा ते लिहू शकतात. त्या दिवशी साहेबांनी लिहिला नाही. शेवटी त्या माणसाला खुनाची नव्हे, सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, आणि तीसुद्धा त्याच्याच साक्षीमुळे. धाकट्याने आधी फावडे उगारले हे सांगणारा दुसरा कोणी नव्हता, आणि थोरल्याच्या दंडावरची जखम डॉक्टरांच्या कागदात होती. ती शांतता ऐकून बाहेर पडलेल्या एखाद्या वार्ताहराने 'आरोपी निरुत्तर' असे लिहिले असते तर निदान शब्द बरोबर ठरला असता. तुमच्या बातमीत तोही नाही.

वार्ताहर मुलांवर माझा राग नाही. मागच्या बाकावर बसून त्यांना काही ऐकू येत नाही हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. बाहेर येऊन वकिलांच्या चहाबरोबर जे मिळते ते ती लिहितात. तेव्हा विनंती इतकीच की त्या दिवशीचा रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद, बघायला सांगा. 'आरोपीचा जबाब नोंदवला' असे असेल तर उलटतपासणी हा शब्द येऊ देऊ नका. रोजनामा मिळाला नाही तर बेंच क्लार्कला विचारले तरी चालेल, आरोपीने शपथ घेतली होती का. तो एका शब्दात सांगेल.

या खटल्यात आता अंतिम युक्तिवाद सुरू होतील, म्हणजे तुमची माणसे पुन्हा तिथे जातीलच. तोवर मंगळवारच्या बातमीची दुरुस्ती पान तीनवरच, तेवढ्याच अक्षरात छापावी. कट्ट्यावर त्याहून आतले पान कोणी वाचत नाही.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका, मिरज
(कृपया नाव छापू नये)