महिला सभेची जबाबदारी सोपवताना

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आई, महिला सभेचं काम आता मंडळीतल्या एका तरुण बहिणीकडे द्यायचं तू ठरवलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. पण असं काम हातचं सुटतं तेव्हाच बायकाबायकांत तुलना सुरू होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एकमेकींशी कृपेनं वागू दे, असं आपण प्रार्थनेत नेहमी म्हणतो. सभेच्या रोजच्या कामात ते कुठे अडतं, ते बघायला हवं.

बायबलमध्ये लूकच्या पहिल्या अध्यायातली अलीशिबा आठव. वयानं मोठी, याजकाची बायको, इतकी वर्षं वांझ म्हणून ऐकून घेतलेली आणि आता पोटुशी. सांगण्यासारखी बातमी तिच्याकडेही होती. तरी येशूची आई होणार असलेली मरीया दारात आली तेव्हा तिच्या तोंडून आधी निघालं ते ‘स्त्रियांमध्ये तू धन्य’. धाकटीला आपल्याहून मोठा मान मिळालाय, हे तिनं मोठ्यानं बोलून दाखवलं. मरीया तिच्याजवळ सुमारे तीन महिने राहिली. तूही हाच क्रम धर. त्या तरुण बहिणीला हे काम का दिलं, तिचा कोणता गुण बघून दिलं, ते सगळ्यांसमोर तूच सांग आणि मग बाकीचं.

पहिली सभा तू चालव, ती शेजारी बसू दे. दुसरी तिनं चालवावी, तू शेजारी. तिसरीला तू मागच्या ओळीत बस. चौथीला गेलीच नाहीस तर उत्तम. प्रत्येक निर्णयाला बायका आधी तुझ्याकडे बघतात, आणि ही सवय तू समोर असेपर्यंत मोडत नाही. काही सुधारावंसं वाटलं तर एक दिवस जाऊ दे, मग तिला एकटीला सांग, आणि एका वेळी एकच गोष्ट सांग.

किल्ली आणि हिशोब सगळ्याच जणी देतात. माहिती मात्र स्वतःकडेच राहते. गीत कोण काढतं, कोणाला सोबतीशिवाय येता येत नाही, कोणाला मोठ्यानं प्रार्थना करायची भीती वाटते, कोणाला वाचता येत नाही म्हणून वचन वाचायला सांगू नये, हे एका वहीत लिहून दे. त्यात कोणाची खासगी गोष्ट असेल तर आधी त्या बहिणीला विचार. माहिती अडवून ठेवली की नवीन बाईकडून चूक होणारच, आणि मग ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणायला वाट मोकळी. माझ्या मते हीसुद्धा स्पर्धाच. ती कोणाला दिसत नाही, म्हणून जास्त वाईट.

अडण्याची दुसरी जागा म्हणजे ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं’. या एका वाक्यामागून किती घरं उघडी पडतात! साधा नियम ठेवा: जिची गोष्ट आहे तिच्या परवानगीशिवाय विनंती मांडायची नाही, आणि मांडली तरी ‘एका बहिणीच्या घरच्या अडचणीसाठी’ एवढंच म्हणायचं. देवाला तपशील ठाऊक असतो.

साक्षीच्या वेळीही जपायला हवं. मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, नातवंड, यांसाठी उपकार मानायलाच हवेत. पण लागोपाठ तीच साक्ष आली की जिच्या घरी यातलं काहीच नाही ती मान खाली घालते. बायबलमधल्या हन्नाचं तेच झालं, तिला मूल नव्हतं. सवत पनिन्ना तिला डिवचायची ती वर्षानुवर्षं, शिलोला यज्ञासाठी गेल्यावर, म्हणजे उपासनेच्याच जागी. नवरा एलकाना मायेनं म्हणाला, मी तुला दहा मुलांपेक्षा बरा नाही का? त्यात प्रेम होतं, पण तीही तुलनाच झाली. बाबा, समजूत काढताना आपणही असंच बोलून जातो. अशा बाईशेजारी नुसतं बसलं तरी पुरतं.

आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, रडणाऱ्यांबरोबर रडा, असं प्रेषित पौल रोमकरांस लिहितो. यातलं पहिलं मला जास्त कठीण वाटतं. हेवा वाटला तर देवापुढे तिचं नाव घ्यावं, नेमकं काय खुपतं ते बोलावं आणि त्याच गोष्टीसाठी उपकार मानावेत. मग तिचं नेमकं काय आवडलं ते तिला सांगावं. ‘छान झालं’ हे कोणीही म्हणतं. ‘सासू नामी आपण रिकाम्या हाती परतलो असं म्हणते तेव्हा सून रूथ तिच्या शेजारीच उभी आहे, हे तू वचन सांगताना दाखवलंस’ असं म्हटलं की तिला कळतं, आपलं कोणीतरी खरंच ऐकलंय.

तरीही खटके उडतील. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे यांचं बिनसलं होतं, आणि त्या दोघीही सुवार्तेसाठी पौलाबरोबर झटलेल्या. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, कोण बरोबर ते सांगत नाही, आणि एका सोबत्याला त्यांना साहाय्य करायला सांगतो. बाबा, अशी वेळ आली तर ते काम तुम्ही आणि पाळकीणबाईंनी करावं. दोघींचं वेगवेगळं ऐकून घ्या, हिचं तिला सांगू नका, आणि लवकरच दोघींना समोरासमोर बसवा. फार दिवस गेले की सभेत दोन बाजू पडतात.

एक मात्र सोडू नका. वर्गणी दोघींनी मिळून मोजायची आणि तिथेच दोघींच्या सह्या घ्यायच्या. नवीन बहिणीवर संशय आहे म्हणून नव्हे. उद्या कोणी बोट दाखवलं तर ती एकटी पडू नये म्हणून. आई, तुझ्या काळातला हिशोबही असाच मोजून, सही करून तिच्या हाती दे.

तुमची लेक

ता.क. बाबा, वहीतली अक्षरं मोठी काढा. आईला घाईत लिहायची सवय आहे आणि ते दुसऱ्या कोणाला लागत नाही.