आसा अहिराचं नाव पाटीवर हवं

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी नातवाला घेऊन असीरगड चढलो. खालच्या एका पाटीवर अकबराचं नाव होतं, इंग्रजांचं होतं, पण ज्याच्या नावावरून हा गड ओळखला जातो त्या आसा अहिराचा एक शब्दही नव्हता. जीव तुटला.

हजारो गुरं बाळगणारा हा अहीर. दुष्काळात त्याने धान्याची कोठारं लोकांना उघडी केली, असं फारसी तवारीख सांगते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशचा सुलतान नासिरखान फारुकीने बायामाणसांना आसरा मागितला आणि डोल्यांतून शिपाई आत घातले. आसा मुलांसह मारला गेला. पुढे 1601 मध्ये अकबर, 1760 मध्ये उदगीरच्या तहाने पेशवे, मग शिंदे, 1819 मध्ये इंग्रज. दख्खनचा दरवाजा म्हणवणारा हा गड ज्याच्या हाती, त्याला बुऱ्हाणपूरची वाट मोकळी. अकबराने तर खानदेश सुभ्याचं नावच आपला मुलगा दानियाल याच्यावरून दानदेश केलं. ते टिकलं नाही. आसाचं टिकलं.

मी तीस वर्षं तलाठी होतो. फेरफार झाला की सातबाऱ्यावर आधीच्या खातेदाराच्या नावाला कंस होतो, पण नाव वाचता येतं. गडाच्या पाटीवर तेवढंही नाही. गड आज मध्य प्रदेशात असला, तरी आम्ही घरात अहिराणीच बोलतो. आसा अहिराच्या दोन ओळी, हिंदीत आणि मराठीत, तिथे लागाव्यात, ही संबंधितांना विनंती.

– एक निवृत्त तलाठी, रावेर (जि. जळगाव)